जावयाच्या गाडीतली पुढची सीट

प्रिय अर्वेना,

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. हॅस्कीमामा चिन्लीच्या पोस्टातून घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "ताई, कोर्टाची नोटीस आलीय की लॉटरी?" फोडल्यावर कळलं, दोन्ही नाही, जावईबापूंनी सहल आखली आहे. मग मामा टेबलाशी बसून मोठ्याने वाचत गेला आणि मी आपल्या तळणीच्या भाकऱ्या कढईत सोडत ऐकत गेले. कागद काय चकचकीत, प्रत्येक दिवसाला वेगळं पान, पानावर लाल खडकांचे फोटो, खाली बारीक अक्षरात कुठे जेवायचं, कुठे थांबायचं, कुठे थांबून "वा" म्हणायचं! अर्धं वाचून होईपर्यंत कढईतलं तेल जास्त तापलंय की मी, तेच मला कळेना. मी जन्मले इथे, वाढले इथे, मेंढ्यांमागे हे सगळे खडक पायांनी तुडवले, आणि कोट घालून डेन्व्हरच्या ऑफिसात बसणारा एक माणूस मला माझंच अंगण दाखवायला नेणार म्हणे. सत्तरीची भेट म्हणून. धन्य आहे.

फोन का केला नाही असं विचारशील. तुझा फोन कधी तुझा एकटीचा असतो का? तू तो मोठ्या आवाजावर टाकतेस, आणि मी घरातलं काही सांगायला लागले की मधूनच जाडा आवाज येतो, "हॅलो मॉम!" मी दचकून फोन पिठाच्या डब्यात टाकला होता गेल्या खेपेला, आठवतंय ना? अजून त्याच्या भोकांतून पीठ निघतं. म्हणून पत्र. ओळी वरखाली गेल्यात त्याला हसू नकोस, आणि हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तरी माझी हरकत नाही म्हणा.

सोबत तू जी वेगळी चिठ्ठी ठेवलीस तीही मामाने वाचली. त्याला वाटलं तीही सहलीचाच भाग. तू लिहितेस की अकरा वर्षं तुझ्या नवऱ्याने आमच्याकडे चोरासारखं यायचं आणि चोरासारखं जायचं, हे आता पुरे झालं. एक तर मी सहलीच्या गाडीत त्याच्याबरोबर बसायचं, नाही तर यापुढे तुम्ही सुट्टीला येणार नाही, माझी नात शांडीनसुद्धा नाही. हो की नाही एवढंच कळव, असं लिहितेस. मामा मधेच चिठ्ठीची घडी घालायला लागला. मी त्याला म्हटलं, थांबू नकोस, पुढे वाच, माझ्या पोटच्या पोरीने मला दम दिलाय तो पूर्ण ऐकू दे.

तर आधी त्या सहलीचं बोलू. पहिल्या दिवशी पहाटे अंधारात उठून मॉन्युमेंट व्हॅलीचा सूर्योदय. पहाटे मी आयुष्यभर उठले, पण ती मेंढ्या सोडायला, तोंड उघडं टाकून खडकांकडे बघायला नाही. दुसऱ्या दिवशी ती अरुंद घळ, जिथे आत शिरायला तिकीट, आत उभं राहायला रांग, आणि पुढच्याचे फोटो काढून होईपर्यंत मागच्याने त्याच्या पाठीकडे बघायचं. तिथे खाली लिहिलंय, "हवामान स्वच्छ". कुठलं स्वच्छ? तुमच्या डोक्यावरचं? पाणी पडतं ते लांब वरच्या पठारावर आणि येतं इथे, बैल सुटल्यासारखं, निळ्या आभाळाखाली. हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, पण पोराला कोण विचारतो, त्याच्याकडे रंगीत कागद कुठे आहे.

तिसऱ्या दिवसाचं ऐकून तर मामाने चष्माच काढून ठेवला. जुन्या लोकांची कड्यातली पडकी घरं, दोन तास, वाटाड्यासह! मेलेल्यांच्या घरात हिंडायला नेतोय मला वाढदिवसाला. त्यांच्या भिंतींकडे बोट करायचं नाही, वाऱ्याने वाहून आलेलं खापरसुद्धा उचलायचं नाही, हे तू चालायला लागलीस तेव्हाच मी तुला शिकवलं. तू त्याला काय शिकवलंस? आणि गाडीतल्या वेळासाठी काय लिहिलंय: "आजी शांडीनला कोल्ह्याच्या गोष्टी सांगेल." उघड्या उन्हात, साप अजून बिळाबाहेर हिंडत असताना, कोल्ह्याच्या गोष्टी! त्या बर्फ पडल्यावर सांगायच्या असतात, एवढं तरी तुझ्या तोंडून निघायला हवं होतं. की तूसुद्धा विसरलीस? खरं सांग, मला त्याचा राग कमी आणि तुझाच जास्त आला.

शेवटचा दिवस त्सेयीचा. त्याच्या नकाशावर त्या दरीचं नाव भलतंच आहे, ते असो. आत जायला जीप आणि वाटाड्या. वाटाड्याचं नाव मामाने दोनदा वाचलं. अगं, तो आपल्या शेजारच्या विल्सनचा थोरला मुलगा! त्याच्या नाकातला शेंबूड मी माझ्या शालीच्या टोकाने पुसलाय, आणि आता तो पैसे घेऊन मला माझ्या आईचं शेत दाखवणार. मामा हसून हसून टेबलावर आडवा झाला. म्हणाला, "ताई, जाच तू. शेतात पोचलीस की त्यालाच विचार, हे कुणाचं रे, किती सुंदर."

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तो चौकोन. गाडीचं चित्र काढलंय, कोण कुठे बसणार त्याची नावं घातलीत. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, माझं नाव. मान म्हणून. थोरामोठ्यांना पुढे बसवायचं असतं म्हणे त्यांच्यात. आणि बाजूला तुझ्या अक्षरात, "आई, वाटल्यास काळा गॉगल लाव." काळा गॉगल! बाई गं, अक्कल डेन्व्हरला गहाण टाकून आलीस का?

आपल्यात सासूने जावयाकडे बघायचं नाही, जावयाने सासूकडे बघायचं नाही. बोलणंही टाळायचं, कारण बोलता बोलता मान वर होतेच. यात वैर नाही, हे तुला किती वेळा सांगू? यात मान आहे. माझ्या आईच्या कमरपट्ट्याला चांदीची बारीक घुंगरं होती. ती वाजली की तुझे बाबा मागच्या बाजूने बाहेर पडायचे, टोपी डोळ्यांवर ओढून. एका आवारात दोघांनी जन्म काढला आणि कधी भांडण झालं नाही. भांडणार कसे? आई शेवटी आजारी पडली तेव्हा लाकडं फोडून दाराशी रचून ठेवणारे तेच होते, आणि आई मला म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला सांग, लाकूड कोरडं आहे, चांगलं आहे." एवढंच. आणि पाहिलंस तर डोळे जातील, असंही ती म्हणायची. मी ते मानलं. तुझ्या लग्नाच्या दिवशी तू आत मक्याच्या पिठाची लापशी त्याच्याबरोबर एका टोपलीतून खात होतीस तेव्हा मी बाहेर पिकअपमध्ये, तोंड कुंपणाकडे करून बसले होते. लोक आत हसत होते, गात होते. मला काय यावंसं वाटलं नसेल? एकुलती एक पोर माझी.

तुझ्या त्या माणसाला मी काही फार शहाणा समजत नाही. मेंढीच्या रश्श्यात साखर घालणाऱ्याला कोण समजेल? शांडीनने सांगितलं मला. एक मात्र कबूल करते, नाइलाज म्हणून. अकरा वर्षांत तो एकदाही हॉर्न विसरला नाही. वळणावरच्या ज्युनिपरच्या झाडापाशी गाडी उभी करतो, दोनदा वाजवतो, आणि मी मेंढ्यांच्या वाड्यात पोचेपर्यंत थांबतो. एकदा पावसात मला वेळ लागला, पाय घसरला होता. तरी गाडी हलली नाही. इथल्या कित्येक पोरांना आता एवढीही लाज राहिलेली नाही. आपल्या विल्सनचाच जावई सासूसमोर बसून मॅच बघतो, पाय टेबलावर टाकून.

इकडचं म्हणशील तर मेंढ्या आता थोड्याच राहिल्यात. बाकीच्या मामाने विकल्या. डाव्या बाजूने कुठली निसटते ते मला कळतच नाही, आणि संध्याकाळी मोजायला गेलं की दोन कमी. तू ज्या सतरंजीसाठी सारखं विचारतेस ती मागावर तशीच आहे. लाल आणि काळ्याच्या मधला तपकिरी धागा मला सापडत नाही, विणलेलं उसवायला लागतं. गाडीची किल्ली मामाने त्याच्या खिशात टाकली आणि परत दिली नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कॉफी कपाच्या बाहेर ओतली, ती त्याच्याच पँटवर, तेव्हा अबोला सुटला.

परवा त्सेयीची आठवण आली. तू लहान होतीस, वरून कड्याच्या पायवाटेने आपण उतरायचो, पिठाचं पोतं माझ्या पाठीवर आणि तू पुढे शेळीसारखी. आईच्या शेतात पीचची झाडं, तिने फळं फोडून सपाट खडकावर वाळत घातलेली. तू त्यांच्यात झोपून गेली होतीस आणि उठलीस तेव्हा केसांत मुंग्या. केवढा आरडाओरडा! आई म्हणाली, मुंग्यांनाही कळतं गोड काय ते. तुझ्या माणसाने सहल ऑक्टोबरात ठेवलीय, का तर गर्दी कमी आणि हॉटेलं स्वस्त. ऑक्टोबरात पीच कुठले? नुसत्या काड्या. तेवढ्यासाठी जीपमधून आपटत जायचं?

आता ज्यासाठी कागद पुढे ओढला ते लिहिते. मामाने मला डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं होतं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि फार पुढे गेलाय. गेलं ते परत येत नाही, थेंब घालून राहिलेलं जमेल तेवढं टिकवायचं, पण बर्फ पडेपर्यंत टिकेल असं ती छातीवर हात ठेवून सांगत नाही. मी तिला विचारलं, अहो बाई, मी जावयाला एकदाही पाहिलेलं नाही, मग हे कसं झालं? त्या पोरीने पुन्हा माझ्या डोळ्यांत बत्ती मारली. मामा बाहेर येऊन इतका हसला की लोक वळून बघायला लागले, आणि मग पिकअपमध्ये बसून रडला. म्हणून ऑक्टोबर नको. आत्ता या, झाडांवर पीच आहेत तोवर. तू आणि शांडीन त्या झाडांखाली उभ्या राहा आणि मला पोटभर बघू द्या. त्या दिवशी मी मामाच्या पिकअपमध्ये बसेन, आणि तुझ्या नवऱ्याने मागून यावं, आमची धूळ खात. उरलेली नजर मी त्याच्यावर खर्च करणार नाही, तुम्ही दोघांनी राग मानू नका. पण एकदा सगळं मिटलं की मग मी कुणालाच बघणार नाही, आणि नियम बघण्याचा आहे. तेव्हा त्याला सांग, हॉर्न वाजवू नकोस, सरळ दारातून आत ये, माझ्यासमोर बसून जेव, रश्श्यात साखर न घालता. आणि मग ती सहल खुशाल काढ म्हणावं, ती पडकी घरं सोडून सगळी. मी पुढच्या सीटवर बसेन. त्याने गाडी चालवावी आणि बाहेर काय काय दिसतंय ते मला सांगत जावं. तो सगळं चुकीचं सांगेल. मी सांगेन बरोबर काय ते.

तुझीच खडूस
आई