सावळाकाकांचा राब

प्रिय लहान्या,

फोनवर तू 'बरं आहे' म्हणतोस आणि ठेवून देतोस, मला बहिणीला बोलूच देत नाहीस. म्हणून हे पत्र. जामसरात सगळे ठीक. पेरणीआधी शेतात शेण-पाला पसरून राब भाजायचे दिवस आलेत, दिवसभर धूर असतो. पण माझे डोळे धुरानं लाल झालेले नाहीत.

सहा वर्षांपूर्वीचा राब तुला काय सांगायचा? तरी सांगते, कारण मी तो तुझ्याजवळही कधी कबूल केला नाही. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा, आग सावकाश सरकू द्यायची, हे आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक. मला मेलीला घाई. वाऱ्याच्याच बाजूनं काडी लावली, झटकन उरकेल म्हणून. आग बांध ओलांडून सावळाकाकांच्या गोठ्याला लागली आणि दावणीचा पवळ्या बैल जळून मेला. लोक म्हणाले, लहान्याच्या बिडीनं झालं. तू मला काडी लावताना पाहिलं होतंस, तरी गप्प राहिलास. गावानं तुला भिवंडीला घालवलं, तेव्हा मी तुला भाकरी बांधून दिली, पण खरं बोलले नाही.

गेल्या उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये पाळकांनी प्रभू येशूचं दुःखसहन सांगितलं. त्याच्यावर खोटे आळ घेतले, तोंडावर थुंकले, तरी तो बोलला नाही. दरवर्षी मी हे ऐकून रडते, त्या शिपायांना मनात शिव्या घालते आणि घरी येऊन भात शिजवते. यंदा मला तू दिसलास. म्हटलं, रखमे, शिपाई कुठं शोधतेस, खिळे ठोकणारी तूच की. तशीच उभी राहिले आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं. पुढच्याच सतरंजीवर सावळाकाका होते. ते उठून गेले.

दोन दिवस घास उतरला नाही. पण खरं सांगते, सहा वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. गावानं वाळीत टाकलं असतं तरी मी सुटले होते. प्रभू माझ्यासाठी मेला हे लहानपणापासून ऐकत आले, तो माझ्यासाठी उठला हे ईस्टरच्या रविवारी पटलं. भजनात माझाच आवाज सगळ्यांच्या वर होता, गळा बसलाय अजून.

त्याच रविवारी सावळाकाका अंगणात आले. आधी मला झापलं, वारा बघायची अक्कल अजून आली की नाही म्हणून. मग खाली बसून रडले. ज्यानं काही केलं नाही त्याला सहा वर्षं शिव्या दिल्या, हे माझं पाप, म्हणाले. आता गावातले सगळे राब भाजून होत आलेत, त्यांचा तेवढा तसाच पडलाय. लहान्या येऊन पेटवेल, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी गावाला बजावलंय. भिवंडीला निघालेल्या मुकेशच्या हाती पत्राबरोबर आगपेटी पाठवतेय, ती त्यांनीच दिलीय. मला माफ कर आणि घरी ये. आणि वाटेत बिडीसाठी ती फोडू नकोस.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच रखमीबाय