दुप्पट उंचीचा माणूस

प्रिय पोरी,

बदलीच्या गावातल्या खोलीचा पत्ता तू कळवलास, त्याला तीन महिने झाले. उत्तर लिहायला बसतो, टेबल पुसतो, पेन झटकून बघतो आणि उठतो. तुझी आई म्हणते, "हजार माणसांपुढे कधी कागद लागला नाही, आणि पोटच्या पोरीला चार ओळी लिहायला मुहूर्त लागतो?" मी ऐकून घेतो. हल्ली कुणीही काहीही बोललं तरी ऐकून घेतो. परवा आमटीत मीठच नव्हतं. मी पोटभर जेवून उठलो. तिने घास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

युनियनचं ऑफिस रोज उघडतो. मागच्या आठवड्यात दगड कापायच्या कारखान्याच्या फाटकासमोर सभा होती. माइक हातात घेतला, "मित्रांनो" म्हणालो आणि पुढे काही आलंच नाही. घसा ठीक होता. आपला फोरमन खालून ओरडला, "साहेब, बॅटरी उतरली का?" लोक हसले. मीही हसलो असेन.

त्या सुनावणीनंतर हे असंच चाललंय. धुळीने छाती भरलेल्यांचा आकडा पाच वर्षांत एकतीसवरून बासष्टवर गेला, एवढंच आपल्याला युनियनच्या अहवालात दाखवायचं होतं. तू आजारी माणसागणिक एक छोटी आकृती काढली होतीस. वरच्या रांगेत एकतीस, खालच्या दोन रांगांत बासष्ट, सगळ्या एकाच मापाच्या. मी म्हणालो, "ह्या मुंग्या कोण बघणार? दोनच माणसं काढ. एक लहान, एक त्याच्या दुप्पट." तू पट्टी घेऊन बसलीस. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, माणूस चौपट जागा खातो आणि बघणाऱ्याला आजार चौपट वाटतो, असं तू दोनदा सांगितलंस. मी हात उडवला. "अगं, माणसं मरताहेत आणि तू रुंदी मोजतेस? मला भूमिती शिकवू नकोस." जन्मभर मी आवाज चढवूनच वाद जिंकले. तोही जिंकलो. तू माझा राक्षस काढून दिलास.

सुनावणीत मालकांच्या वकिलाने खिशातून साधी प्लॅस्टिकची पट्टी काढली. उंची मोजली, मग रुंदी. "साहेब, दुप्पट म्हणतात आणि चौपट दाखवतात. मग आतले आकडे तरी खरे कशावरून?" अधिकाऱ्यांनी अख्खा अहवाल बाजूला सारला. डॉक्टरांचे दाखले, क्ष-किरणांचे फोटो, सगळं त्याच्याबरोबर गेलं. चित्र कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझं. चूक माझी." मी उठलो नाही. तुझ्या आकडेवारीच्या ऑफिसने तुला तक्त्यांच्या कामावरून काढलं आणि लांबच्या गावी दाखल्यांच्या खिडकीवर बसवलं, तेव्हाही मी तुझी बॅग रिक्षात ठेवली आणि तिकीट नीट घेतलंस ना, एवढंच विचारलं.

तुझा तो पहिला कागद टेबलाच्या खणात सापडला. मी तो ऑफिसच्या भिंतीवर लावला. का लावला, सांगता येत नाही. बुधवारी कारखान्यात दगडाला पॉलिश करणाऱ्याची बायको फॉर्मवर अंगठा द्यायला आली. तिला वाचता येत नाही. कागदापुढे उभी राहून तिने विचारलं, "हे सगळे आपलेच का?" मी मान हलवली. मग ती आकृत्यांवरून बोट फिरवत गेली आणि शेवटून तिसरीवर थांबली. "हे आमचे असतील. ह्यांना उशिरा कळलं ना." पदराने हात पुसला आणि गेली. माझं तासाभराचं भाषण ऐकून तिने कधी एक प्रश्न विचारला नव्हता. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्या बासष्ट आकृत्या मोजल्या, एकही चुकली नव्हती.

काल मी सुनावणीच्या ऑफिसात जाऊन लेखी निवेदन दिलं. चित्र मी काढायला लावलं, मुलीने दोनदा हरकत घेतली, असं लिहून खाली सही केली. एक प्रत तुझ्या ऑफिसला पाठवली. पहिल्या कागदासह अहवाल पुन्हा घेता येईल, पण आधी तुझा जबाब हवा, असं अधिकारी म्हणाले. सोमवारी तुला फोन येईल. तुझी खोड मला ठाऊक आहे. तू मला सांभाळून घेशील, बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं म्हणशील. तसं म्हणू नकोस, पोरी. तू पट्टी ठेवून दाखवलंस तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तो चौपट दिसतो, म्हणूनच मला तो हवा होता. हे निवेदनात लिहिलंय, पण तू ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी न उठलेला, तुझाच
बाबा