वृषभातली माझी रेषा

३ फेब्रुवारी
आजपासून या घरात कासिल्दाचं नाव काढायचं नाही. वृषभ राशीतल्या गारठलेल्या ढगात गंधकाचा नवा रेणू सापडल्याचा तिचा पेपर येतोय. मसुदा दुर्बिणीवरच्या जुन्या सहकाऱ्याने पाठवला. लेखक अकरा. मी नाही! या पोरीला स्पेक्ट्रम वाचायला मी शिकवलं. त्याच रेणूची स्पेक्ट्रममधली रेषा मी १९९४ साली पाहिली, छापली. त्यावर मसुद्यात एकच ओळ : ‘पूर्वीची एक नोंद इथे विचारात घेतलेली नाही.’

४ फेब्रुवारी
कासिल्दाचं नाव सात वेळा काढलं. बहिणीने मोजलं. निएवेसला दुसरा उद्योग नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी
जुनी वही काढली. रेषा आहे. बारीक, पण आहे. रिसीव्हरचा काटा जरा सरकवून पुन्हा बघायचं असतं; ढगातली रेषा जागची हलत नाही, यंत्राने उठवलेली सरकते. मी सरकवला नव्हता. बर्फ पडायला लागलं होतं. शिवाय शाळेत मदर आसुन्सियोन सांगायच्या, बरोबर उत्तराखाली दोनदा रेघ ओढू नका.
चुलीवरचं चण्या-मटणाचं कोसिदो करपलं. दोष कासिल्दाचा.

९ फेब्रुवारी
नियतकालिकाच्या संपादकांना पत्र. अत्यंत सभ्य. ‘चोरी’ हा शब्द फक्त दोनदा.

१२ फेब्रुवारी
माद्रिदहून कासिल्दा आली. हातात पाकातल्या केकचा डबा. म्हणाली, “बाई, पत्र मागे घ्या. तुमचं नाव नाही तेच बरंय.”
विचारलं, “बरं कोणाला? तुला?”
म्हणाली, “बाई, पाया पडते, खोलात नका जाऊ.” मान खाली.
चोराची मान खालीच असते. मी दार दाखवलं. केक ठेवून घेतले. त्यांचा काय गुन्हा?

१३ फेब्रुवारी
केकला हात लावायचा नाही.
निएवेस म्हणते, “ताई, ती जिन्यात रडत होती गं.” पश्चात्ताप, दुसरं काय!
संध्याकाळी : केक संपले.

२१ फेब्रुवारी
संपादकांचं उत्तर! १९९४च्या कामाचा नावानिशी उल्लेख करणं लेखकांना भाग आहे. जिंकले. अंकाच्या सहा प्रती मागवल्या. फ्रेमवाल्याला पानाचं माप दिलं. निएवेसला म्हटलं, “बघ, गप्प बसले असते तर?”

१४ मार्च
अंक आला. पान चार. ‘वाल्काबादो (१९९४) यांनी नोंदवलेली रेषा आम्ही त्याच रिसीव्हरवर तपासली. रिसीव्हर सरकवताच ती सरकली. ती ढगातली नाही.’
माझं आडनाव अचूक छापलंय.
कासिल्दाला हे आधीपासून ठाऊक होतं.

१५ मार्च
फ्रेम आली. निएवेसने हातोडी घेऊन विचारलं, “ताई, खिळा कुठे ठोकू?”
केकचा डबा कासिल्दाचा आहे. घासून ठेवलाय. परत करायला हवा. निएवेस नेईल का, विचारते.