नातीच्या पेपरातली सतरा नंबर

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, शिक्षण चौथी, जन्मभर शिवणकाम केलेली बाई, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. याआधी असलं काही लिहिलेलं नाही. वकीलबाई टाईप करून देते म्हणाल्या. मी म्हटलं नको, अक्षर वाईट आहे पण माझं आहे.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुलीला. मोरीतला नळ ठिबकतो. "उद्या बघतो" असं जावयानं म्हटल्याला अकरा वर्षं झाली. नळासकट घर द्यावं.

कलम दोन. शिलाई मशीन आणि कात्र्या शेजारच्या शिवणवालीला. मोठी कात्री कागदाला लावायची नाही.

कलम तीन. बँकेत आहे ते मुलगा आणि मुलगी, निम्मं निम्मं. मुलाला शिवाय माझी खाट. आजारपणात तीनदा आला, तिन्ही वेळा उभ्यानं बोलून गेला. आता बस म्हणावं.

कलम चार. हे नातीसाठी, आणि खरं तर एवढ्यासाठीच हा सगळा घाट.

नात म्हणजे मुलीची मुलगी. म्हातारपणी विसर का पडतो, यावर ती संशोधन करते. गुणाची पोर. एकोणीस पेपर छापून आलेत. विसरावरच्या गोळीचा पेपर तर फारच गाजला, चारशे बारा ठिकाणी त्याचा दाखला दिलाय.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं होतं.

"आजी, दुसरे शास्त्रज्ञ लिहिताना सांगतात की हे अमकीनं आधी दाखवलंय. ते मोजतात."

"म्हणजे चारचौघांत नाव काढतात, तसंच की!"

मला इतका आनंद झाला की दूधवाल्यालासुद्धा आकडा सांगितला. मग तोच दर महिन्याला विचारायचा, "आजी, किती झाले?"

आता खरं लिहिते. त्या गोळीच्या अभ्यासात नात्यातलं माणूस चालत नव्हतं. आमची आडनावं वेगळी, म्हणून मी गुपचूप जाऊन नाव घातलं. पोरीच्या कामाला एक म्हातारी कमी पडू नये, एवढंच मनात. मला सतरा नंबर मिळाला. कागदावर सगळे नंबरच, आणि नातीला चाचणीच्या खोलीत यायची मनाई. तिला कळलंच नाही.

दर तीन महिन्यांनी चाचणीवाली बाई दहा शब्द वाचायची, वीस मिनिटांनी आपण ते सांगायचे. यादी दरवेळी तीच. मी पहिल्याच दिवशी घरी येऊन ती वहीत उतरवली, आणि पुढच्या खेपेपासून बाहेरच्या बाकावर सगळ्यांकडून घोकून घेऊ लागले. बावीस जण होतो. कुलूप, गाजर, खिडकी, सुई.

माझ्या शेजारी बसणारी बेकरीवाली म्हणायची, "अगं, ही लबाडी झाली."

"गप गं. पोरीचं नाव होतंय. गाजरानंतर काय, सांग."

सगळे हसायचे. तेवढी मजा आम्हाला दुसरीकडे कुठं होती? आम्हाला खरी गोळी. पलीकडच्या केंद्रातल्या म्हाताऱ्यांना फरक बघायला नुसती खडूची, औषध नसलेली गोळी, आणि शिकवायला कुणी नाही. आमचे मार्क पुढे गेले, त्यांचे मागे पडले. पेपरात तेच छापलं.

बेकरीवाली आता स्वतःच्या मुलीला "आपण कोण?" म्हणून विचारते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, असं मी त्या मुलीला म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, गोळी चालू आहे की. तुमच्याच नातीनं शोधलेली."

नातीला सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला. "आजी, तू त्यात नव्हतीसच. हल्ली तुझं असं होतं." आणि डॉक्टरांना सांगून मलाही तीच गोळी सुरू केली. कार्ड आणि वही मी तेव्हा काढलीच नाही.

म्हणून माझ्यामागे तिला द्यावं: माझा फोटो आणि आठ भेटींचे शिक्के असलेलं सतरा नंबरचं कार्ड, आणि ती वही. बाळा, हा पेपर तू स्वतः मागे घे, कुणी बोट दाखवायच्या आधी. आकडा जाईल. नोकरीवरही येईल. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. बाकीचे अठरा तुझे आहेत, त्यांत मी कुठंही नाही.

कलम पाच. हे आत्ता वाढवलं. मी शुद्धीत आहे असा दाखला द्यायला डॉक्टर आले. त्यांनी पाच नवे शब्द सांगितले, मला दोनच आठवले. ते म्हणाले, काय कुणाला द्यायचं ते कळतंय, दाखल्याला तेवढं पुरे. मग कलम चार वाचून चष्मा काढला. "आजी, तुम्ही अजून दहा वर्षं जगलात तर? तोवर ही गोळी किती जण घेतील?"

मी मेल्यावर तिचा चेहरा बघावा लागणार नाही, म्हणून हा कागद. हे त्यांना सांगायची लाज वाटली, पण इथं लिहिते.

तरी कलम चारमधल्या वस्तू माझ्यामागे द्यायला उरणार नाहीत. डॉक्टरांसमोरच नातीला फोन केला. "बरी आहेस ना गं?" म्हणाली. म्हटलं, बरी आहे, संध्याकाळी ये. आणि जेवून ये. नंतर तिला घास जायचा नाही.

सही (माझ्या हातची)

साक्षीदार : १. डॉक्टर २. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर
तारीख : १४ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन