गोलकीपरची रिकामी ओळ

साहेब, परवा तुमच्या नातीने मला सरळ विचारलं, त्या कागदांवर मी खोट्या सह्या केल्या होत्या का. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि मराठी तर तुम्हाला जिवंतपणीही येत नव्हतं, तेव्हा पत्र पोचण्याचा प्रश्नच नाही. पण इंग्रजीत मी आयुष्यभर फक्त रिपोर्ट लिहिले, तेही तुम्ही शिकवले तसे. पहिल्या दिवशी मी 'सर' म्हणाले तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत, आणखी कोण आलंय म्हणून. इथे 'साहेब' म्हणते. इथे तुम्हाला वळता येणार नाही.

रंगाच्या कारखान्यातली ती लॅब मला आजही वासासकट आठवते. नागपूरची केमिस्ट्रीची एम.एस्सी. पदरात, अमेरिकेत येऊन चार वर्षं घरी बसल्यावर मिळालेली पहिली नोकरी, आणि दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर माझा कागद फाडलात. "रंगाच्या थराची ही जाडी तू मोजलीस?" "आधीच्या शिफ्टने मोजली होती." "मी शिफ्टचं विचारलं नाही. तू पाहिलंस?" मी नाही म्हणाले. "मग सही कशाची केलीस?" त्यानंतर मी न पाहिलेल्या गोष्टीवर कधी सही केली नाही. माझे यजमान म्हणायचे, "बरं झालं आपलं लग्न आधी झालं. नाहीतर रजिस्टरवर सही करायला हिने महिना लावला असता."

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही पाव आणि भाजलेली लाल मिरची खाता आहात, मी पोळीभाजी, आणि तुम्ही तुमच्या क्लबची हकिगत सांगता आहात. सर्बियातलं नदीकाठचं छोटं गाव, विटांचा एक कारखाना आणि कारखान्याचा फुटबॉल क्लब. लाल जर्सी धुऊन धुऊन गुलाबी झालेल्या. नदीपलीकडच्या गावची टीम "चला गं मुलींनो!" म्हणून ओरडायची. तुम्ही क्लबचे सेक्रेटरी आणि गोलकीपरही. डाव्या हाताची दोन बोटं त्यातच वाकडी झालेली. सामना सुरू होण्याआधी गोलच्या बरोबर मध्यावर टाचेने एक आडवी खूण ओढायची तुमची सवय, म्हणजे पुढे धावून आलं तरी आपण कुठे उभे आहोत ते कळतं. तुमच्याकडे गोल शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नसे. अमेरिकेचे कागद अचानक हातात पडले, तुम्ही घाईने निघालात, आणि इथे उतरल्यावर कोटाच्या खिशात क्लबचा शिक्का निघाला. तिकडे शिक्क्याअभावी नोंदणीचा दिवस हुकला, क्लबचं नाव कायमचं कापलं गेलं.

"पोस्टाने पाठवायचा होता," मी म्हणाले.

"हो," तुम्ही म्हणालात, आणि मिरचीचे देठ कागदात गुंडाळत बसलात. पाठवला असता तर गावाने तो कुणाच्या तरी हातात दिला असता आणि क्लब तुमचा राहिला नसता. हे तुम्ही बोलला नाहीत. मी ते ऐकलं.

तिकडून पत्रं यायची. मधूनच काळ्या कडेचा कागद यायचा, संघातलं कुणीतरी गेल्याचा. तुम्ही तो वाचून खणात ठेवायचात. सातवा कागद आला त्या आठवड्यात तुम्ही सामन्याचा छापील फॉर्म काढलात, सुटकेसमधून आणलेल्या गठ्ठ्यातला, आणि सात नावं लिहिलीत. फुटबॉलमध्ये सातपेक्षा कमी माणसं असली तर सामना होत नाही. तुम्ही इतकी वर्षं थांबला होतात. फॉर्म दोन प्रतींत भरायचा, एक आपली, एक समोरच्यांची. सेक्रेटरीच्या जागी तुमची सही, आणि समोरच्यांच्या सहीची जागा तुम्ही माझ्यापुढे केलीत.

"मी पाहिलेलं नाही," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "मग चल पाहायला."

शनिवारची शिफ्ट दुपारी सुटायची. कारखान्यामागे मालगाडीच्या रुळांलगत मोकळी जागा होती. रंगाचे रिकामे ड्रम दोन-दोन ठेवून गोल केलेले, आणि लॅबच्या टाकाऊ खडूच्या भुकटीने तुम्ही फक्की मारलेली. मी स्वतः चारी बाजूंनी चालून रेघ तपासली. कुठेही तुटलेली नव्हती. मग आपण दोघं कडेला उभे राहिलो. कारखान्याच्या गेटावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, इतकं पडलेलं वारं. मला काही दिसलं नाही, हे मी स्पष्ट लिहिते. आवाजही नाही. फक्त गवताचा ओला, तुडवलेला वास आला, जसा शाळेच्या मैदानावर खेळाच्या तासाला यायचा. तुमची नजर मात्र डावीकडून उजवीकडे जात होती, परत येत होती. शेवटी तुम्ही जागचे न हलता म्हणालात, "तीन." मी आपल्या गोलपाशी गेले. गोलरेषेवरची फक्की तीन ठिकाणी उडालेली होती. पलीकडच्या गोलची रेघ जशीच्या तशी. मी परत आले आणि सही केली.

फॉर्मवर गोलकीपरची ओळ रिकामी होती. "गोलकीपरशिवाय कसं खेळतात?" मी विचारलं. "म्हणून तर हरतोय," तुम्ही म्हणालात. "आहे गोलकीपर. यायचाय अजून." काळ्या कडेचे कागद येत राहिले, नावं आठ झाली, नऊ झाली, दहा झाली. आपण प्रत्येक सामना हरलो. ती ओळ तशीच राहिली.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही शिक्का माझ्या हातात दिलात. उरलेले फॉर्म लॅबच्या खणात आहेत म्हणालात. 

आता परवाचं. तुमची नात गेल्या उन्हाळ्यात तुमच्या गावी जाऊन आली. तिथली मंडळी क्लबचा इतिहास छापताहेत. त्यात तुमच्याबद्दल एकच ओळ आहे, 'शिक्का घेऊन अमेरिकेला पळाला.' तुमचं घर आवरताना तिला तळघरात सव्वीस फॉर्म सापडले, प्रत्येकावर माझी सही. आयसेलिनच्या भारतीय बाजारात, चहाच्या दुकानात आम्ही भेटलो. माझी मुलगी ड्राइव्ह करून घेऊन गेली होती आणि वाटेत मला शिकवत होती, "आई, इट्स सिंपल. तू त्यांच्यावर दया केलीस. तेवढं सांग, डन."

नातीने फॉर्म टेबलावर ठेवले. तिचे डोळे तुमचेच. "मावशी," ती म्हणाली. हे माझ्या मुलीने शिकवलेलं. "आजोबांचं मन राखायला तुम्ही खोटं लिहिलं असेल, तर मी रागावणार नाही. पण मग पुस्तकातली ती एक ओळ तशीच राहील. हे सामने झाले असतील, तर क्लब तिथे संपला नाही, इथे चालू राहिला. मला ते छापायचंय. तुम्ही पाहिलंत का?"

"गोलरेषा मोडलेली पाहिली," मी म्हणाले. "दर वेळी आधी तपासून, नंतर मोजून. सव्वीस वेळा. न पाहता एकदाही सही केली नाही."

"आई, रेघ हरणांनी मोडली असेल गं," माझी मुलगी म्हणाली.

"हरणाला खूर असतात. चेंडू गेल्याची खूण मला कळते."

 नातीने ते वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडून खाली सही घेतली. मी वाचून केली.

सुपूर्द केलं ते असं. एक गोल शिक्का, लाकडी मुठीचा, कडेला टवका गेलेला. समोरच्या संघाच्या प्रती, सव्वीस, माझ्याकडच्या स्टीलच्या डब्यासकट. कोरे फॉर्म अकरा. काळ्या कडेचे कागद दहा. पोच मिळाली.

एक फॉर्म दिला नाही. तुमच्या अंत्यविधीनंतरच्या शनिवारचा आहे. फक्की मी मारली होती, एकटीने. नंतर तपासलं तेव्हा दोन्ही गोलरेषा अखंड होत्या, आणि आपल्या गोलच्या मध्यावर टाचेने ओढलेली आडवी खूण होती. शून्य-शून्य. नावं अकरा. समोरच्यांची सही माझी, पाहून केलेली. सेक्रेटरीच्या जागी तुमची सही हवी होती. ती मीच केली. नातीने विचारलं त्याचं खरं उत्तर तेवढं आहे, एक.