पडद्यामागची बाई

९ फेब्रुवारी १९५३
गोव्याच्या रस्त्यावरच्या आमच्या अबकारी नाक्याला मंजूर शिपाई सहा. हजर एकटा रामा. बाकीच्या जागा भरायच्या आहेत म्हणे, वर्षभर तेच. एस.टी. आली की पुरुषांची गाठोडी उचकायची आणि अफू बायकांच्या लुगड्यात बसून डोळ्यांदेखत पुढे जाते. बाईच्या अंगाला पुरुषाने हात लावायचा नाही, कायदा आहे, आणि तो त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ. आज एक तोंडावर हसली. तिच्याबरोबरच्या माणसाच्या कानफटात दिली. ओठ फुटला. अफू गेलीच.

१४ फेब्रु.
वरून उत्तर. झडतीला बाईची जागा मंजूर नाही, पुन्हा मागू नये. मोठे साहेब तोंडी म्हणाले, चालवून घ्या काहीतरी. चालवून घेतलं. आमचा शिपाई गेल्या साली वारला, त्याची बायको जैनबी मंगळवार पेठेत राहते, तिला आणलं. नाक्यामागे सतरंजीचा पडदा. पहिल्याच बाईच्या मांडीला अफूचा गोळा. बाई जैनबीच्या मनगटाला कडकडून चावली. जैनबीने झिंज्या धरून तिचं डोकं खांबावर आपटलं. मग रक्त पुसून चहा मागितला. माझ्या खात्यात असे चार असते तर!

२ मार्च
रोज माल सापडतोय. आज गणपा स्वतः आला, ज्याची ही अफू तो. गोड बोलत होता. शेवटी म्हणाला, “सायेब, बाईला घरी बसवा. न्हायतर आमी बसवतो.”
कमरेत लाथ घातली. गटारात पडला. रामा खूश. मला जेवण गेलं नाही.

९ मार्च
बसवली. भर दुपारी, तिच्याच गल्लीच्या तोंडाशी. दोघांनी धरलं, गणपाने तिचा उजवा हात पायरीवर दाबून वरवंट्याने ठेचला. एकेक बोट. अख्खी गल्ली बघत होती. सोबत द्यायला माणूस कुठला? रामा नाक्यावर, मी नाक्यावर. दवाखान्यात तीन बोटं काढली.
पोलिसांनी गणपाला धरलं. थोडा वेळ मला त्याच्याबरोबर कोंडा म्हणालो. नाही म्हणाले.

१२ मार्च
फौजदार विचारतात, बाई सरकारी नोकर का? असेल तर गणपा चांगला अडकतो. नसेल तर गल्लीतलं भांडण, थोडक्यात सुटेल.
मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणतात, मी काही बोललोच नव्हतो. नाक्यावर चहा देणारी बाई म्हणून सांगा. खात्याची म्हणालात तर बाहेरची बाई झडतीला लावली म्हणून तुमची नोकरी जाईल, वर तिने पकडून दिलेल्या मालाचे सगळे खटले कोसळतील. हरामखोर. टेबल उलथवावंसं वाटलं. उलथवलं नाही. घरी येऊन तांब्या भिंतीवर फेकला. हिने उचलून ठेवला. तीन पोरं खाणारी.

२८ मार्च
जैनबी दवाखान्यातून थेट नाक्यावर. हात फडक्यात. घरी जा म्हणालो.
“डावा हाय की,” म्हणाली.
एस.टी.तल्या बायका त्या फडक्याकडे बघून गुमान पडद्यामागे गेल्या. एकीने आपणहून गोळा काढून दिला. पलीकडे झाडाखाली गणपा, जामिनावर सुटलेला, ऊस सोलत बसला होता. माझ्याकडे बघून हात वर केला आणि तीन बोटं दुमडून दाखवली. रामाने काठी उचलली. मी काठी धरून ठेवली. का धरली, कोण जाणे. रक्त उसळत होतं माझंच.

७ एप्रिल
उद्या कोर्ट. आधी तिची साक्ष, मग माझी. फौजदाराने तिला समजावलंय, नाव विचारतील, वय विचारतील, मग धंदा.
संध्याकाळी पडदा काढताना म्हणाली, “सायेब, धंदा काय सांगू? तुमी म्हणशीला त्येच सांगते.”
सकाळी सांगतो म्हणालो.
सतरंजीची घडी तिला एका हाताने जमेना. दुसरं टोक मी धरलं.