आमच्या घराच्या जागी खड्डा का?

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)

चि. अभिजीत यास जनूमामाचे आशीर्वाद. (यातले निम्मे सध्या राखून ठेवले आहेत. का ते पुढे येईलच.)

तिकडे बंगळूरला तुझी तब्येत बरी आहे ना, जेवण वेळेवर होतं ना, खुर्चीत बसून पाठ धरायची ती थांबली का, हे सगळं तुझ्या मामीने विचारायला सांगितलं आहे म्हणून विचारतो. इकडे आम्ही ठीक. मोरिवलीच्या कंपनीत उभं राहून माझ्या गुडघ्यांना जी कुरकुर लागली ती रिटायर झाल्यावरही सोबतीला आहे. मामीचं प्रेशर आटोक्यात आहे, माझं तुझ्यामुळे नाही. फोन करायचा सोडून मामा पत्र का लिहितो, असं तुला वाटलं असेल. तर मी फोन कानाला लावला की भिंतीपलीकडे गोजरबाईची भांडी घासायची थांबतात. ग्रुपवर काही टाकलं तर ते तुझ्या आईच्या आधी सलूनमध्ये वाचलं जातं. हे पत्रसुद्धा मी इथून टाकणार नाही, बदलापूरला हेंद्रेपाड्यात आपल्या प्रगतीकडे नेऊन तिथून टाकणार आहे, कारण आमच्याकडे टपाल आणणारा नाथाचा साडू लागतो. (प्रगती म्हणाली, बाबा, अति होतंय. पोरीचं लग्न झालं की ती बापाला वेडा समजायला लागते, ते असो.)

आता तुझ्या त्या गेमबद्दल. ‘पदूची पळापळ’ तू ग्रुपवर टाकलास आणि खाली लिहिलंस की अजून कच्चा आहे, सगळ्यांनी खेळून सूचना कळवा. मी उघडून बघितला. हाफ चड्डीतला पदू डावीकडून उजवीकडे पळतोय, मागचं चित्र आडवं सरकत जातंय, तो कौलांवरून, विहिरींवरून, गटारांवरून उड्या मारतोय, नाणी गोळा करतोय, आणि वरचं घड्याळ संपायच्या आत त्याला झेंड्यापर्यंत पोचायचं आहे. आणि हे सगळं आपलं पालेगाव. मारुतीचं देऊळ, हापसा, नाथाचं भात, सगळं जसंच्या तसं. मे महिन्यात इथे उंडारणाऱ्या पोराने गाव एवढं डोक्यात ठेवलं याचा मला अभिमान वाटला आणि त्या भरात मी तो गेम आपल्या माणसांना पाठवला. (आपली माणसं म्हणजे सगळं गाव. हे मला नंतर कळलं.)

तुला बंगळूरला बसून कल्पना नाही, पण इथे बरेच दिवस कोणाकोणाची माणसं तिपाई आणि काठ्या घेऊन फिरतात. भिंतींवर लाल बाण काढून जातात. विचारलं तर म्हणतात, काका, आम्ही फक्त मोजतो. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, त्यांच्यासाठी मोठा रस्ता येणार हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोणाच्या अंगणातून, ते कोणालाच माहीत नाही. अशा गावात तू देवळापासून नाल्यापर्यंतची घरं ओळीने मांडून पाठवलीस. ज्यांनी आयुष्यात पत्त्यांपलीकडे खेळ खेळला नाही त्यांनी तो मोबाइल हातात घेतला आणि एकेक घर बोटाने मोजलं. मग नाथा बोलला, “यो गेम नाय. यो रस्त्याचा नकाशा हाय.”

झालं. त्या दिवसापासून गाव पदूच्या मागे लागलं आहे. तुला सूचना हव्या होत्या ना, मग घे. गोजरबाईच्या कौलांवर पदूने पाय ठेवला की ती कौलं थरथरतात आणि खाली कोसळतात. प्रगतीने समजावलं की अशा खेळात काही जागा कोसळायच्याच असतात, त्याशिवाय मजा नाही. पण गोजरबाई आमच्या ओट्यावर येऊन रडली. “माजंच घर का मोडलं त्यानं? त्या पोराला मी काय कमी आंबे दिले?” तिची मागणी अशी की कोसळायचंच असेल तर आधी नोटीस तरी यावी. नाथाचं उलट. त्याच्या भातावर तू नाण्यांची कमान काढली आहेस, तेव्हापासून तो कोणाला ओळख देत नाही आणि बांधावरून कोणाला जाऊ देत नाही. नव्या गेममध्ये नाणी वाढवावीत आणि पदूची उडी त्याच्या शेतापाशीच संपावी, पुढच्या शेतात जाऊ नये, असं त्याचं म्हणणं आहे. हापशाजवळ तू जमिनीतून काटे वर काढले आहेस, ते तिथल्यांना नको आहेत. काटे म्हणजे जागेवर सरकारी आरक्षण, असं त्यांनी ठरवलं आहे. नाल्यात तू मगर सोडली आहेस, तिच्याबद्दल मात्र एकही तक्रार नाही. नाल्याची अवस्था बघता ती सगळ्यांना पटली.

सगळ्यात मोठा संशय मला हरेशचा आहे. हा उल्हासनगरचा प्लॉटवाला, तुझ्या आईला विचार, आपल्या भागातल्या अर्ध्या जमिनींचे सौदे त्याच्या खुर्चीसमोर झाले. माणूस वाईट नाही, पण तो कधी उगाच येत नाही. परवा मिठाईचा बॉक्स घेऊन घरी आला, चहा घेतला आणि चांगला ऐसपैस बसून फक्त गेमवर बोलला. “जनूभाऊ, भांजे को बोलो, जंप स्लो आहे. बटण दाबतो, पदू सोचून उडतो. और वो आखरी रेडा, जो पदू को झंडे के पास रोकता है, बहुत ईजी. दो बार में गया.” दुसरी लेव्हल त्याला आवडली, संगीत लवकर कंटाळा आणतं म्हणाला, झेंड्याचा रंग बदल म्हणाला. रस्त्याबद्दल चकार शब्द नाही. प्लॉटबद्दल नाही. आता तूच सांग, प्लॉटवाला घरी येतो आणि प्लॉट सोडून उडीबद्दल बोलतो, याचा अर्थ काय? त्याला सगळं माहीत आहे. (मामी म्हणते, अहो, त्याला खेळ आवडला असेल. मामीचा सगळ्यांवर विश्वास आहे, म्हणून आमच्या घरी संशय घ्यायचं काम मला एकट्याला करावं लागतं.)

पण अभिजीत, हे सगळं मी हसून सोडलं असतं. माझं दुखणं वेगळं आहे. गोजरबाईचं घर संपलं की पिंपळाच्या अलीकडे आमचं घर यायला हवं. नाथाच्या बकऱ्यांचा गोठासुद्धा तू काढलास, त्याच्या पत्र्यावरचे दगडसुद्धा काढलेस. आणि आमच्या घराच्या जागी खड्डा आहे. नुसता काळा खड्डा. मी चष्मा पुसून बघितलं, प्रगतीच्या मोठ्या फोनवर बघितलं, खड्डाच. ज्या घरात तू माळ्यावरून पडलास, कांजिण्या काढल्यास, ज्या मामीच्या हातचं खाऊन तुझी हाडं भरली, ते घर तुला आठवलं नाही आणि बकऱ्या आठवल्या. मला वाईट वाटलं. आडपडदा न ठेवता लिहितो, फार वाईट वाटलं.

गावाने तर याचा अर्थ कधीच लावला. एक गट म्हणतो, रस्ता जनूच्या घरावरूनच जाणार. दुसरा म्हणतो, जनूने घर गुपचूप विकलं, भाच्याला आतून कळलं, म्हणून त्याने ते आधीच काढून टाकलं. मी सलूनमध्ये शिरलो की बोलणं थांबतं आणि सगळे माझ्या केसांकडे बघायला लागतात, जे फारसे उरलेले नाहीत. विकलेलं नाही म्हणून मी मारुतीसमोर शपथ घेतली, तर नाथा म्हणाला, शपथ घ्यायची पाळी आली म्हणजे काहीतरी असणारच. तेव्हा माझी मागणी एकच. तो खड्डा बुजव आणि तिथे आमचं घर काढ, हिरव्या दारासकट. आणि नवा गेम ग्रुपवर टाक, म्हणजे सगळ्यांना दिसेल. तोपर्यंत मी खेळणं सोडलं आहे. तसाही त्या खड्ड्यात मी कधी पडलो नाही. लांबून धाव घेऊन, खाली न बघता उडी मारतो. तुझ्या बाकीच्या खड्ड्यांत पडलं की पदू किंचाळतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, हे मला ठाऊक आहे.

बाकी तुझ्या आईला सांग, गुडघ्याचं तेल मिळालं.

राखून ठेवलेले आशीर्वाद घर दिसल्यावर पाठवीन.

तुझा,
जनूमामा

ता. क. रस्त्याच्या गोष्टीवर माझा स्वतःचा काडीचाही विश्वास नाही. लोक काय म्हणतात तेवढं तुला कळवलं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. वाल शिजत होते तेवढ्यात मामीने पहिल्यांदाच तुझा गेम हातात घेतला. तिला उडीचं बटण कोणतं तेच माहीत नाही, तेव्हा ती चालत चालत सरळ आमच्या खड्ड्यात गेली. मी म्हटलं, मेला. पदू किंचाळला नाही. तो हळूच खाली उतरला आणि आमच्या ओट्यावर उभा राहिला. हिरवं दार, आत मामीची मांडणी, फळीवर कांजिण्यांच्या वेळी तुला दिलेला पितळी पेला. ओट्यावर पांढऱ्या मिशांचा एक माणूस. पदू पुढे जायला लागला की तो हात आडवा धरतो आणि वर अक्षरं येतात, “कुठे पळतोस? जेवून जा.” ताट येतं, आणि पदू जेवतो तोवर वरचं घड्याळ थांबलेलं असतं. चूल चुकीच्या बाजूला काढली आहेस, एवढंच मामी बोलली. मग ती पदूला दरवाजापर्यंत नेऊन परत आणत राहिली आणि त्याला पुन्हा पुन्हा जेवू घातलं. वाल करपले. पातेलं मीच उतरवलं. राखलेले आशीर्वाद सगळे घे, वर आणखी घे. खड्डा बुजवू नकोस. गावात मी कोणाला सांगणार नाही, त्यांना म्हणू दे काय म्हणायचं ते.

आणखी एक ता. क. एकच मनात येतं. सगळ्यांची घरं तू वर ठेवलीस आणि आमचंच तेवढं खाली, कोणाच्या नजरेला पडणार नाही असं नेऊन ठेवलंस. ते का? तुला तिकडे काही कळलं आहे का? असेल तर फोनवर बोलू नकोस, प्रगतीच्या पत्त्यावर लिही. पावसाच्या आधी कौलं बदलायला माणूस सांगून ठेवला आहे. त्याला या म्हणू की राहू दे म्हणू, तेवढंच मला कळव.